‘सगळे मॉडेलमध्ये आहे’ असे सांगितल्यानंतर

वाचकाचे पत्र: मी यंत्रनिर्मितीच्या एका कारखान्यात तीन वर्षांपासून डिझाइन इंजिनिअर म्हणून काम करते. आमच्या ड्रॉइंग विभागातील ड्राफ्ट्समन माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने बरेच मोठे आहेत. गेल्या महिन्यात एका गिअरबॉक्सच्या हाउसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, संगणकावरील त्रिमितीय मॉडेल मी त्यांच्याकडे दिले आणि संध्याकाळपर्यंत ड्रॉइंग मागितले. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, पण घाई असल्यामुळे ‘सगळे मॉडेलमध्ये आहे’ एवढेच मी सांगितले. त्या ड्रॉइंगवरून ४० हाउसिंग तयार झाली. दोन बेअरिंगचे बोअर, म्हणजे ती बसवण्याची गोल भोके, शॉपने (यंत्रशाळेने) दोन वेगळ्या सेटिंगमध्ये, म्हणजे भाग सोडून पुन्हा बांधून, केले. तपासणीत सर्व नग पास झाले, परंतु जोडणीच्या वेळी निम्म्याहून अधिक नगांत गिअर एक तर अडकत होते किंवा खडखडत होते. दोन बोअरमधील अंतर ८० ± ०.०३ मिमी हवे होते; मोजले, तेव्हा ते ७९.८६ पासून ८०.१५ मिमीपर्यंत भरले. त्या अंतराला ड्राफ्ट्समननी टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) दिलेला नव्हता. मी त्यांना ई-मेल लिहिला आणि त्याची प्रत सर्व विभागांना पाठवली. तेव्हापासून ते मला काहीच विचारत नाहीत. सांगितले तेवढेच करतात. त्यांच्याकडून काम नीट कसे करून घ्यावे, की यापुढे ड्रॉइंगही मीच करावीत? ड्रॉइंगची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर:

तुम्ही पाठवलेले ड्रॉइंग मी दोनदा वाचले. पहिल्या बोअरचे केंद्र हाउसिंगच्या डाव्या कडेपासून ६० मिमीवर आणि दुसऱ्याचे त्याच कडेपासून १४० मिमीवर दाखवले आहे, आणि दोन्ही मापांना स्वतःचा टॉलरन्स नसल्यामुळे टायटल ब्लॉकमधील ‘आयएसओ २७६८-एम’ ही जनरल टॉलरन्सची नोंद त्यांना लागू होते. त्या नोंदीनुसार ३० ते १२० मिमीच्या मापाला ±०.३ मिमी आणि १२० ते ४०० मिमीच्या मापाला ±०.५ मिमी एवढी सूट मिळते. म्हणजे पहिला बोअर ५९.७ वर आणि दुसरा १४०.५ वर आला तरी दोन्ही मापे ड्रॉइंगप्रमाणे बरोबरच ठरतात, आणि त्यांच्यातील अंतर मात्र ८०.८ मिमी होते. उलट्या बाजूने तेच अंतर ७९.२ मिमीपर्यंत खाली येऊ शकते. तुम्हाला हवे होते ८० ± ०.०३, आणि ड्रॉइंगने परवानगी दिली ८० ± ०.८ ची.

शॉपने त्या परवानगीत राहूनच काम केले. दोन बोअरचा एकमेकांशी संबंध आहे असे ड्रॉइंगवर कुठेही लिहिलेले नसल्यामुळे, जे यंत्र रिकामे होते त्यावर दुसरा बोअर करून घेणे हा त्यांच्या दृष्टीने योग्यच निर्णय होता. तो संबंध दाखवलेला असता, तर कोणत्याही जाणत्या मशिनिस्टने दोन्ही बोअर एकाच सेटिंगमध्ये केले असते. तपासणी विभागाचेही काही चुकले नाही. २० अंशांच्या प्रेशर अँगलच्या साध्या स्पर गिअरमध्ये केंद्रांतर ०.१ मिमीने बदलले की दातांमधील मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, सुमारे ०.०७ मिमीने बदलतो. तुमच्या ७९.८६ च्या नगात त्यामुळे सुमारे ०.१० मिमी बॅकलॅश कमी झाला आणि ८०.१५ च्या नगात सुमारे ०.११ मिमी वाढला. एक गिअर का अडकला आणि दुसरा का खडखडला, याचे उत्तर एवढेच आहे.

आता मॉडेलकडे पाहू. मॉडेलमध्ये दोन बोअरमधील अंतर ८०.००० आहे. त्याच मॉडेलमध्ये बाहेरच्या रिबच्या कोपऱ्याची त्रिज्या ५.००० आहे आणि कास्टिंगच्या भिंतीची जाडी ८.००० आहे. या तीन मापांपैकी पहिले शतांश मिलिमीटरांत सांभाळायचे आहे, दुसऱ्यात एक मिलिमीटरचा फरक पडला तरी कोणाचे काही बिघडत नाही आणि तिसरे ओतकामाच्या पद्धतीवर अवलंबून आहे, हे मॉडेलकडे कितीही वेळ पाहिले तरी समजत नाही. मॉडेल आकार सांगते; त्या आकाराने कोणते काम करायचे आहे, ते डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यात असते. मॉडेलवरच टॉलरन्स आणि डेटम (ज्यापासून मापे धरायची तो पृष्ठभाग किंवा अक्ष) नोंदवण्याची पद्धत आता रूढ होत आहे आणि तिच्यासाठी आयएसओ १६७९२ हे मानकही आहे, परंतु तेथेही कोणीतरी विचार करून त्या नोंदी कराव्याच लागतात. तुमच्या मॉडेलमध्ये तशा नोंदी नव्हत्या. त्यामुळे ‘सगळे मॉडेलमध्ये आहे’ हे तुमचे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते, आणि या नुकसानाची सुरुवात ड्रॉइंगच्या टेबलावर नव्हे, तर त्या विधानापाशी झाली असे माझे स्पष्ट मत आहे.

ड्राफ्ट्समनची काहीच जबाबदारी नाही, असा याचा अर्थ नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसाने गिअरबॉक्सच्या हाउसिंगमध्ये शेजारी-शेजारी असलेले बेअरिंगचे दोन बोअर पाहिल्यावर त्यांच्यातील अंतर एका कडेपासूनच्या दोन मोकळ्या मापांवर सोडून द्यायला नको होते. पण त्यांनी प्रश्न विचारले होते, असे तुम्हीच लिहिले आहे. त्यांतला एखादा प्रश्न याच अंतराबद्दलचा असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

येथे स्वतःच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. डिझाइनकडे वळण्यापूर्वी मी नऊ वर्षे ड्राफ्टिंग केले. सुरुवातीच्या काळात एका शाफ्टवरील खाचेच्या रुंदीबद्दल मी डिझाइन इंजिनिअरना प्रश्न विचारला, तेव्हा चारचौघांत ‘तुम्ही फक्त काढा, विचार करण्यासाठी आम्ही आहोत’ असे उत्तर मला मिळाले. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्याच दुसऱ्या शाफ्टचे ड्रॉइंग करताना मला दिसले की, की-वे, म्हणजे चावी बसवण्याची खाच, लांबीत पुढे येऊन ज्या पृष्ठभागावर ऑइल सीलची कड बसणार आहे त्या पृष्ठभागापर्यंत पोहोचला आहे. सीलच्या कडेखाली की-वे आला की तेल गळणारच, हे मला ठाऊक होते. मी काही बोललो नाही. दिलेले माप जसेच्या तसे काढले आणि कागद पुढे पाठवला. तो शाफ्ट तयार झाला, बसवला गेला आणि गळला. इतक्या वर्षांनंतरही त्या मौनाची मला लाज वाटते. परंतु ते मौन कोठून आले होते, हेही मी विसरलेलो नाही.

तुमचे ड्राफ्ट्समन आज त्याच ठिकाणी आहेत. ‘सांगितले तेवढेच करतात’ हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे, आणि मला ते तुमच्या पत्रातील सर्वांत धोक्याचे वाक्य वाटते. डिझाइनमधील विसंगती कागदावर पहिल्यांदा दिसते ती ड्राफ्ट्समनलाच, कारण प्रत्येक पृष्ठभागाला माप देण्यासाठी त्याला तो पृष्ठभाग मनात पुन्हा एकदा घडवावा लागतो. हत्यार आत पोहोचणारच नाही इतक्या खोलवर दिलेले आटे, पाना फिरवायला जागा न ठेवलेला बोल्ट, दोन्ही बाजूंनी माप दिल्यामुळे बंद झालेली मापांची साखळी, हे सर्व तो पाहतो. त्याने पाहिलेले तुमच्यापर्यंत येणे थांबले, तर ते पुढे शॉपमध्ये किंवा ग्राहकाकडे कळते, आणि तोपर्यंत धातू कापून झालेला असतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ड्रॉइंग स्वतः करण्याच्या विचारात पडू नका. तुमच्या डोक्यात ८० ± ०.०३ इतके पक्के बसलेले होते की ते कागदावर नसल्याचे तुमच्या लक्षात आलेच नसते. आपण गृहीत धरलेली गोष्ट आपल्याला दिसत नाही. ड्रॉइंग दुसऱ्या माणसाने करण्याचा मोठा फायदा हाच आहे की ज्याला तुमच्या मनातले ठाऊक नाही, असा एक जाणकार वाचक शॉपच्या आधी तुम्हाला मिळतो.

पुढचे काम हाती देताना मॉडेलची फाइल पाठवून थांबू नका. असेंब्लीच्या चित्राची छापील प्रत घेऊन त्यांच्या टेबलाशी जा आणि वीस मिनिटे बसा. तो भाग कशावर बसतो, त्याच्यात काय बसते, काय फिरते, कोणता पृष्ठभाग सील करायचा आहे आणि कोणता केवळ वजन कमी करण्यासाठी कोरला आहे, हे बोटाने दाखवून सांगा. ज्या मापांवर भागाचे कार्य अवलंबून आहे तेवढीच लाल पेनने गोल करा. बहुतेक भागांत ती पाच-सातच्या पुढे जात नाहीत. प्रत्येक लाल गोलाशेजारी कारण दोन शब्दांत लिहा: ‘बेअरिंगचा फिट’, ‘गिअरचे केंद्रांतर’, ‘डोवेलची जागा’. कारण ठाऊक असले की ड्राफ्ट्समन योग्य टॉलरन्स स्वतः सुचवू शकतो. ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग बसणार आहे आणि त्याची बाहेरची रिंग स्थिर राहणार आहे, एवढे त्यांना कळले, तर ५२ मिमीच्या बोअरला एच७, म्हणजे ० ते +०.०३० मिमी, हा फिट ते तुम्हाला न विचारता घालतील आणि त्या बोअरचा सरफेस फिनिश व गोलाईदेखील विचारात घेतील. कारण न सांगता केवळ ‘एच७ घाला’ म्हटले, तर कागदावर एच७ येईल आणि बाकीचे राहून जाईल.

भाग कोणत्या पद्धतीने आणि किती संख्येने बनणार आहे, हेही त्याच बैठकीत सांगा. चार नग बनवायचे असतील तर मशिनिस्ट कडेला स्पर्श करून माप घेईल, आणि चार हजार बनवायचे असतील तर फिक्स्चर बनेल. ते फिक्स्चर ज्या पृष्ठभागांवर भाग पकडेल, तेच पृष्ठभाग डेटम असणे इष्ट असते. तुमच्या ड्रॉइंगमधील डावी कड ही कास्टिंगची, मशीनिंग न केलेली कड आहे. तिच्यापासून बोअरची मापे देण्याने कोणाचाच फायदा नव्हता. मात्र ती कड कशालाही टेकत नाही आणि बसण्याचा खरा पृष्ठभाग खालचा आहे, हे असेंब्ली पाहिल्याशिवाय कळणे कठीण होते.

सांगून झाल्यावर लगेच उठू नका. ‘समजले का?’ या प्रश्नाला प्रत्येक माणूस ‘हो’ म्हणतो, त्यामुळे तो प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ‘याला डेटम कोणते घ्याल आणि मापे कोठून सोडाल?’ असे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. या एका प्रश्नाने तुमचे सांगणे कितपत पोहोचले ते कळते, आणि पुष्कळदा तुमच्यापेक्षा चांगली मांडणीही पुढे येते. आली, तर ती स्वीकारा.

जे महत्त्वाचे नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगण्याची सवय लावून घ्या. डिझाइन इंजिनिअर गप्प राहिला की सावध ड्राफ्ट्समन स्वतःच्या बचावासाठी सगळीकडे घट्ट टॉलरन्स घालतो, आणि तुमच्यासारख्या ई-मेलनंतर तर हमखास घालतो. मग जेथे ड्रिलने काढलेले छिद्र पुरले असते तेथे रीमिंग होते, जेथे मिलिंग पुरले असते तेथे ग्राइंडिंग होते, आणि किंमत का वाढली ते कोणालाच समजत नाही. पुढच्या काही ड्रॉइंगवर ही लक्षणे दिसली, तर त्यांना दोष देऊ नका. ‘येथे जनरल टॉलरन्स चालेल, कारण येथे काहीच बसत नाही’ असे कारणासह सांगा.

आणखी एक बाब तुम्ही दोघांनी एकदा बसून ठरवली पाहिजे, ती म्हणजे तुमचे ड्रॉइंग कोणत्या मानकाच्या भाषेत लिहिले आणि वाचले जाते. २५ मिमी व्यासाच्या, २०० मिमी लांबीच्या पिनला २४.९८ ते २५.०० अशी मर्यादा दिली, तर एएसएमई वाय१४.५ या अमेरिकी मानकानुसार ती पिन २५.०० मिमी व्यासाच्या अचूक सिलिंडरबाहेर कोठेही जाता कामा नये, म्हणजे व्यासाची मर्यादाच तिच्या वाकण्यावरही बंधन घालते. आयएसओ ८०१५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मात्र माप आणि आकार या स्वतंत्र अटी असतात. प्रत्येक ठिकाणचा व्यास मर्यादेत असला की त्या मापाची अट पूर्ण होते, आणि सरळपणा हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो. एकाच कागदाचे दोन अर्थ होतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मानकाचे नाव टायटल ब्लॉकमध्ये असलेच पाहिजे. जुने टेम्प्लेट वापरत असाल, तर आयएसओ २७६८ चा आकार व स्थितीच्या जनरल टॉलरन्सबद्दलचा दुसरा भाग २०२१ मध्ये मागे घेतला गेला असून त्याची जागा आयएसओ २२०८१ ने घेतली आहे, हेही ध्यानात घ्या.

बदलांबद्दल मी अधिक कठोर आहे. जाता-जाता सांगितलेला बदल आणि फोनवर दिलेली संमती यांवर कोणतेही ड्रॉइंग बदलू नये, आणि हा नियम डिझाइन इंजिनिअरने आधी स्वतःला लावावा. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलमधील दोन लोंबते पादचारी पूल कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली एकेक सलग सळई चौथ्या मजल्याच्या पुलातून खाली दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत जात होती. एवढ्या लांब सळईवर आटे पाडणे आणि ते सांभाळणे गैरसोयीचे असल्यामुळे पोलादकाम करणाऱ्या कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये एका सळईच्या जागी दोन सळया आल्या: एक छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत आणि दुसरी त्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो, पण त्यामुळे चौथ्या मजल्याच्या तुळईखालील नटवर एकाऐवजी दोन्ही पुलांचा भार आला. मूळ जोडही स्थानिक बांधकाम नियमांना लागणाऱ्या किमान क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच भार पेलू शकला असता, असे नंतरच्या तपासात आढळले. बदलाबद्दल फोनवर बोलणे झाले होते की नाही, यावर दोन्ही बाजूंचे एकमत कधीच झाले नाही; मात्र बदललेल्या ड्रॉइंगवर डिझाइन कार्यालयाचा तपासणीचा शिक्का होता, आणि जबाबदार अभियंत्यांचे मिझुरी राज्यातील परवाने रद्द झाले. ती इमारत होती आणि तुमचा गिअरबॉक्स आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही काढणाऱ्याने सोयीसाठी बदल करणे आणि डिझाइन करणाऱ्याने तो न वाचता मंजूर करणे, ही जोडी प्रत्येक कारखान्यात रोज भेटते. रिव्हिजनच्या रकान्यात ‘माप बदलले’ एवढेच न लिहिता का बदलले तेही लिहा, म्हणजे वर्षभराने तेच माप कोणी पुन्हा मागे नेणार नाही.

तपासणीच्या प्रतीबद्दल थोडक्यात सांगतो. पडद्यावर ड्रॉइंग चाळून सही करू नका. प्रत छापून घ्या, पाहून बरोबर ठरलेल्या प्रत्येक मापावर पिवळा रंग ओढा आणि दुरुस्ती लाल पेनने लिहा. पिवळे नसलेले माप म्हणजे न पाहिलेले माप. आणि जे माप ड्रॉइंगवर असायला हवे पण नाही, तेही याच वेळी लक्षात येते, कारण तुमच्या हस्तांतराच्या कागदावरील लाल गोल शेजारी ठेवून तुम्ही ते एकेक करून जुळवू शकता. लाल दुरुस्त्या ड्राफ्ट्समनकडेच परत द्या. त्यांची फाइल उघडून परस्पर बदल करणे वेळ वाचवणारे वाटते, परंतु त्यामुळे आपली चूक कोणती होती हे त्यांना कळत नाही आणि ड्रॉइंग नेमके कोणाचे, हेही ठरत नाही.

प्रश्नांसाठी एक साधी व्यवस्था करा. त्यांनी प्रश्न लिहून ठेवावेत आणि तुम्ही त्याच दिवशी लेखी उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल, तर ‘हे मी अजून ठरवलेले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे. तीन वर्षांच्या अनुभवात अनेक गोष्टी ठरवायच्या राहून जातात आणि ड्राफ्ट्समनच्या प्रश्नामुळे ते उघडे पडते, म्हणून प्रश्न टोचतो. तुमच्या ‘सगळे मॉडेलमध्ये आहे’ या उत्तरात घाईबरोबर ही टोचणीही थोडी होती का, हे तुम्ही स्वतःशी तपासून पाहावे, असे मी आपुलकीने सुचवतो. कामाच्या वेळापत्रकात ड्रॉइंगसाठी जसे तास धरता, तसे प्रश्नोत्तरांसाठीही धरा. संध्याकाळपर्यंत ड्रॉइंग मागितले की प्रश्नांना जागा उरत नाही.

राहिला ई-मेल. त्याची प्रत ज्यांना गेली होती, त्या सर्वांना दुसरा ई-मेल पाठवा. केंद्रांतराचा टॉलरन्स हस्तांतराच्या वेळी तुम्ही सांगितला नव्हता आणि ड्राफ्ट्समननी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर दिले नव्हते, एवढी वस्तुस्थिती त्यात सरळ लिहा. सारवासारव नको आणि स्वतःला फार बोल लावणेही नको. खासगीत मागितलेली क्षमा येथे पुरणार नाही, कारण आरोप खासगीत झालेला नव्हता. तुमच्या वरिष्ठांना हे खटकेल अशी भीती वाटत असेल, तर ड्रॉइंगवरील ६०, १४० आणि जनरल टॉलरन्सची नोंद यांचा हिशेब, जो मी वर मांडला आहे, तो सोबत जोडा. आकडे पाहिल्यावर कोणीही जाणकार वरिष्ठ तुमच्या लिहिण्याचा विपर्यास करणार नाही.

ई-मेल गेल्यानंतर, नाकारलेल्यांपैकी एक हाउसिंग, दोन्ही शाफ्ट आणि गिअर घेऊन त्यांच्या टेबलाशी जा आणि गिअर हाताने फिरवून दाखवा. मग सुधारित रिव्हिजनमध्ये हे अंतर कसे दाखवावे, हे त्यांनाच विचारा. खालचा पृष्ठभाग पहिला डेटम, पहिल्या बोअरचा अक्ष दुसरा डेटम आणि त्यांच्या संदर्भात दुसऱ्या बोअरला ०.०६ मिमी व्यासाचा पोझिशन टॉलरन्स (अक्ष नेमक्या जागेपासून किती सरकू शकतो याची मर्यादा), अशी मांडणी मला सुचते. तरी त्यांचे म्हणणे ऐकण्यापूर्वी माझी मांडणी त्यांच्यासमोर ठेवू नका. पहिल्या दिवशी ते कदाचित ‘तुम्ही सांगाल तसे’ एवढेच म्हणतील. त्या दिवशी ड्रॉइंग पुढे नेऊ नका. हाउसिंग त्यांच्या टेबलावर राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रश्न घेऊन पुन्हा जा.